विदूषक माशाच्या पिलांचा हौद

पांझरेकाठच्या आम्हां धुळेकरांना समुद्र दूर. परंतु ऐरोलीच्या खाडीकाठी नारिंगी विदूषक माशांचे पैदास केंद्र निघाले, त्यामागचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. एरवी हे मासे प्रवाळांतून ओरबाडून आणीत. हौद बांधणे सोपे. पिलांच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न मिळवणे कठीण. जपानात रोटिफर हा सूक्ष्म जीव ईल माशांच्या तळ्यांचे पाणी नासवणारा म्हणून बदनाम होता. १९६० साली इतो यांनी तोच पिलांना चारण्यासाठी वाढविला. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्टिन मो यांनी विदूषक माशांची व्यापारी पैदास केली. अंडी फुटतात अंधार पडल्यावर. म्हणजे हौदावर रात्रपाळी आलीच! तिची हजेरी कोणी मांडली? आधी सूक्ष्म शेवाळ, त्यावर रोटिफर, मग पिले. हा क्रम सांभाळला, तर आठ-दहा दिवसांनी अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात.