गुंत्याचा इतिहास

गळाला मासा लागेल की नाही हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग; पण गळाच्या रिळात दोरा गुंतणार, ही मात्र काळ्या दगडावरची रेघ. रीळ म्हणजे काठीच्या मुठीशी बसवलेलं, दोरा गुंडाळायचं चाक. लढाया, तह आणि सनावळ्यांच्या गर्दीत आपल्या इतिहासकारांनी या चाकाकडे साफ दुर्लक्ष केलंय. मुलांसाठी म्हणून जे स्वस्तातलं प्लॅस्टिकचं रीळ विकतात आणि जे मे महिन्याची सुट्टीसुद्धा धड पुरी करत नाही, ते या इतिहासाचं शेवटचं पान. शेवटचं पान फाटकं निघालं की आधीची पानं चाळावी लागतात. मी पडलो कॉमर्सचा, त्यात बँकेतला. तेव्हा पानं चाळण्याचा सराव आहे.

पहिलं पान चीनचं. सोंग राजवटीतल्या मा युआन नावाच्या चित्रकाराने सुमारे ११९५ साली एक चित्र काढलं. ते आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थंडीचे दिवस, आजूबाजूला नुसतं पाणी, छोटीशी होडी आणि तिच्यात गळ टाकून वाकून बसलेला एकटा कोळी. त्याच्या काठीला चक्क रीळ आहे. रिळाचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र मानतात. बारकाईने पाहिलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. होडीत मुलं नाहीत. रीळ शाबूत आहे.

इंग्लंडला हे चाक बऱ्याच उशिरा सुचलं. थॉमस बार्कर याने १६५१ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा उल्लेख येतो. पण ही जुनी चाकं नुसता दोरा सांभाळायची. आमच्या भाषेत सांगायचं तर सेव्हिंग्ज खातं: ठेवा आणि लागेल तेव्हा काढा. खरी उलाढाल सुरू केली ती अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याने रिळात दातेरी चाकं बसवली. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरे. अर्थात हे घड्याळजीलाच सुचणार. केंटकीतले मीक बंधूही रिळं करू लागले, तेही घड्याळजीच.

आणि इथेच गुंत्याचा सुवर्णकाळ सुरू झाला. गळ लांब फेकला की रीळ गरगर फिरतं आणि दोरा सुटत जातो. गळ पाण्यात पडून थांबतो. पण रिळाला ते कोण सांगणार? ते आपलं फिरतच राहतं. ज्याने पतंगाची फिरकी धरली आहे आणि ऐन वेळी ढील संपल्याचं ज्याला कळलेलं नाही, त्याला पुढचं सांगायला नको. अमेरिकन लोक या प्रकाराला 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात. यावर उपाय एकच, फिरत्या रिळावर अंगठ्याचा बेताचा दाब. हा अंगठा तयार व्हायला वर्षं लागतात. कर्जाच्या कागदावर उठवायचा अंगठा त्यामानाने सोपा.

१९०५ साली ब्रॅडफर्डच्या कापड-धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने निराळंच रीळ काढलं. गिरणीत बॉबिन जागच्या जागी राहतं आणि सूत त्याच्या टोकावरून ओढलं जातं. त्याने गळाचं रीळही तसंच स्थिर ठेवलं. फेकताना जे फिरतच नाही ते जास्त फिरणार कसं? अर्धा गुंता सुटला.

उरलेला सोडवला बॉम्बवाल्यांनी. थट्टा नाही. ओक्लाहोमातल्या टल्सा गावी 'झीरो अवर बॉम्ब कंपनी' होती. तेलविहिरींसाठी लागणारे विजेचे टाइमबॉम्ब ती बनवत असे. बॉम्बच्या पेटंटची मुदत संपत आली होती, म्हणून दुसरा धंदा शोधणं चालू होतं. १९४७ साली तिच्या दारात टेक्सासचा आर. डी. हल येऊन उभा राहिला. हाही घड्याळजी! किराणा दुकानात पुडकं बांधणारा माणूस मोठ्या स्थिर रिळावरून दोरी सरसर ओढतो, हे त्याने पाहिलं होतं. आता बघा, आपल्या वाण्याच्या दुकानातही डोक्यावर दोऱ्याचा गुंडा टांगलेला असायचा आणि साखरेच्या पुडीला फेरे मारून टचकन तोडलेला दोरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण आपलं लक्ष तराजूवर होतं, हलचं दोऱ्यावर. १९४९ साली कंपनीने त्याचं रीळ बाजारात आणलं. पुढे झाकण, मागे बटण. बटण दाबून धरा, काठी झोका, बटण सोडा. अंगठ्याची तपश्चर्या संपली. १९५६ साली कंपनीने जुन्या नावाची अक्षरं जोडून 'झेब्को' हे नाव घेतलं आणि बॉम्ब विस्मृतीत गेला.

या बटणवाल्या घराण्याचं एक दूरचं, बेनामी पोर माझ्या मेव्हण्याने अमेरिकेहून येताना आमच्या चिरंजीवांसाठी आणलं. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, नुसता हसरा शार्क होता. कोकणात आजोळी खाडीवर चौथ्या दिवशी ते बंद पडलं. "कार्ट्याने मोडलं," असा आजीने निकाल दिला. सौ.ने तो कायम केला. चिरंजीव, वय वर्षे नऊ, माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसले. वर मेव्हणा म्हणाला, "जाऊ द्या हो भावोजी, स्वस्तातलंच होतं." त्याला वाटलं, यात आरोपीचं सांत्वन आहे.

मी झाकण फिरवून काढलं. दोऱ्याचा एक फेरा रिळाखालून जाऊन आसाला आवळला होता. तो चिमट्याने सुटला. बाकीचा दोरा पीळ पडून शेवयांसारखा झाला होता. याचं कारणही कळलं. गळ खारफुटीच्या मुळात अडकला. मोठा मासा लागला या आनंदात पोरं मूठ फिरवतच राहिली. अशा वेळी दोरा तुटू नये म्हणून रीळ घसरतं. पण दोरा गुंडाळणारं टोपण फिरतच असतं, आणि मुठीच्या एकेका फेऱ्याला दोऱ्यात तीन-चार पीळ भरतात. तो दोरा कापून टाकला, खारं पाणी गोड्या पाण्याने धुतलं, शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं. तरी मूठ नुसतीच फिरे. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. ती बाजू उघडायला स्क्रूच नव्हता, रिबीट मारलेली. तीन पिढ्या घड्याळजींनी पोसलेलं घराणं, आणि त्याचा वंशज असा की एकाही घड्याळजीला उघडता येऊ नये!

आता हिशेब मांडू. आजोळचे एक शेजारकाका बाटलीला गुंडाळलेल्या तंगुसाच्या दोऱ्याने रोज मासे गरवतात. त्यांना रीळ लागतच नाही. ज्याचा हात तयार, त्याला यंत्राची गरज कमी. घड्याळजी, गिरणीवाले आणि बॉम्बवाले यांनी सगळी डोकेफोड केली ती ज्याचा हात तयार नाही त्याच्यासाठी. आणि नेमक्या त्याच हातात आपण बाजारातलं सर्वांत हलकं यंत्र देतो, का तर 'पोरांना काय, काहीही चालतं'. ते मोडलं की नुकसान पोराच्या नावे टाकतो. बँकेत अशी नोंद केली तर ऑडिटर दुसऱ्या दिवशी खुलासा मागेल.

म्हणून आजीच्या समक्ष हा सगळा इतिहास सांगून चिरंजीवांच्या नावे पडलेली नोंद मी उलटी फिरवली. ते कोपऱ्यातून उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणजे बाबा, आता चांगलं घ्यायचं ना?"

इतिहासापासून धडा घ्यावा म्हणतात. त्याची किंमत किती, हे मात्र कोणी सांगत नाही.