मीटर क्षार मोजत नाही

शेतीच्या प्रशिक्षणात अलीकडे एक प्रात्यक्षिक हमखास असते. वक्ता पेनाएवढा मीटर मातीच्या पाण्यात बुडवतो, मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपतो आणि सांगतो : असे शंभर बिंदू घेतले की झाला गावाच्या क्षारतेचा नकाशा. लाल भागात जिप्सम टाका, हिरव्या भागात नको. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यातही हे आता पटू लागले आहे. उतारा घटला की ‘जमीन खारावली’ हे निदान तयारच असते.

आधी पूर्वपक्षाला त्याचे माप पुरते देऊ. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत ओलिताखालच्या जमिनीत अडीच हेक्टरांना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना धरला होता. म्हणजे पत्रिका आपल्या नावाची असली तरी माती शेजाऱ्याची असू शकते. उलट क्षार दहा पावलांवर बदलतो, आणि मीटर स्वस्त, जागच्या जागी उत्तर देणारा. मिरज-शिरोळच्या उसाच्या पट्ट्यात किंवा अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात असे दाट बिंदू घेऊन काढलेला नकाशा खरोखर कामाचा आहे. तिथे क्षार इतका असतो की बाकी सगळे त्याच्यापुढे फिके पडते. माझा आक्षेप त्या मीटरला नाही, सांगलीचे वाचन गोंदियात करण्याला आहे.

कारण मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते, एवढेच तो सांगतो. घरी करून बघा. दोन पेल्यांत बॅटरीचे शुद्ध पाणी घ्या. एकात चमचाभर ताजा युरिया विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर पोटॅश. चमचाभर युरियाच्या पेल्यात आकडा जेमतेम हलतो, कारण युरियाचे पाण्यात विद्युतभारित कण होत नाहीत. चिमूटभर पोटॅशच्या पेल्यात तो उडी मारतो. आता खताचा हप्ता दिल्यावर चौथ्या दिवशी मीटर घेऊन फिरणाऱ्याच्या नकाशात लाल रंग कशाचा, हे तुम्हीच ठरवा.

सळई थेट जमिनीत खुपसायची असेल तर घोटाळा आणखी वाढतो. तिथे आकडा क्षाराइतकाच ओलाव्यावर, चिकणमातीच्या प्रमाणावर आणि तापमानावर ठरतो. तापमानाचा फरक अंशामागे सुमारे 2 टक्के. प्रमाण वाचन 25 अंशांचे, आणि वैशाखात तापलेली माती 40 अंशांची. मीटर तापमानाची दुरुस्ती करणारा नसेल तर एवढ्यानेच आकडा 30 टक्क्यांनी फुगतो.

भाषेनेही हातभार लावला आहे. माती परीक्षणाच्या अहवालांत ‘विद्युत वाहकता’ या रकान्याला सर्रास ‘क्षारता’ म्हटले जाते. मापाचे नाव गेले, निष्कर्षाचे नाव राहिले. शिवाय खारवट आणि चोपण हे दोन वेगळे शब्द मराठीने जपले असताना आपण ते एकाच पोत्यात भरतो. खारवट जमिनीला निचरा आणि धुणारे पाणी लागते. जिप्सम हे चोपण जमिनीचे, म्हणजे मातीला चिकटलेल्या सोडियमचे औषध. गंमत अशी की जिप्समचे संपृक्त द्रावण स्वतःच सुमारे 2.2 डेसीसायमन प्रति मीटर वाहकता दाखवते. लाल रंग पाहून जिप्सम टाकणाऱ्याचा पुढचा नकाशा आणखी लाल होईल.

मर्यादेच्या आकड्याचेही तेच. ‘4 च्या वर खारवट’ हा निकष अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने 1954 साली मातीच्या संपृक्त लगद्यातून काढलेल्या द्रावणासाठी रूढ केला. एक भाग मातीत अडीच भाग पाणी घातलेल्या पेल्याला तो लावता येत नाही; तिथे द्रावण पातळ असल्याने आकडा बराच कमी येतो. ही चूक शिरोळमध्ये केली तर खरा खारवट तुकडा हिरवा दिसेल.

आता गोंदिया. इथे वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. विरघळणारे क्षार साचायला आधी ते एवढ्या पावसात टिकावे लागतात. इथल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी ते उदासीन आहेत, आणि उतारा घटण्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आले तर तो खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. 1966 साली पंतनगरला शास्त्रज्ञ नेने यांनी हे दाखवले. जस्त मीटरला दिसत नाही.

पाणी साचलेल्या बांधीत तर मीटर वेगळेच खेळ करतो. हवा तुटली की लोह आणि मँगनीज विरघळतात आणि काही आठवडे वाहकता वाढते. कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो ना? काडी फिरवा. त्याचे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर ते लोह. तेल असते तर पुन्हा जुळले असते. मीटर मात्र याला क्षारच म्हणणार.

जीपीएसचे कौतुकही जपून करावे. हातातल्या यंत्राची किंवा मोबाईलची चूक मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर असते. पाच गुंठ्यांची बांधी चौकोनी धरली तर 22 मीटर लांब-रुंद. तिचा दोनतृतीयांश भाग कुठल्या ना कुठल्या धुऱ्यापासून पाच मीटरच्या आतच येतो. वरच्या बांधीचा बिंदू खालच्या बांधीत पडायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा वहीत गट क्रमांक आणि घरातल्या माणसांनी ठेवलेले बांधीचे नाव लिहिणे अचूक.

मग मीटर फेकून द्यायचा का? मुळीच नाही. जिथे क्षार नगण्य, तिथे जमिनीत खुपसलेल्या सळईचा तोच आकडा मातीचा पोत सांगू लागतो. अमेरिकेतल्या मिसुरीत संशोधकांनी जमिनीच्या वाहकतेच्या मोजणीवरून चिकणमातीचा थर किती खोल आहे, याचे नकाशे काढले. रब्बीआधी, सगळ्या बांध्यांत ओल सारखी असताना, खत न घालता, एकाच दिवशी फिरा. हलकी सिहार, मधली मोरंड आणि भारी कन्हार आकड्यांतून वेगळ्या होताना दिसतील. प्रयोगशाळेचे नमुने मग अडीच हेक्टरांच्या चौकटीने न घेता या पट्ट्यांप्रमाणे घ्या. उन्हाळी धानाला बोअरचे पाणी देत असाल तर त्या पाण्याला मीटर जरूर लावा. तिथे तो जवळजवळ खरे बोलतो. एवढे करून एखाद्या बांधीचा आकडा फारच वेगळा आला, तर ती माती संपृक्त लगद्यावर तपासून मागा, सामू आणि सोडियमसकट.

तोवर गावात जिप्समचा ट्रक आला तर पोती उतरवून घेण्याआधी पत्रिकेतला जस्ताचा रकाना वाचा. तिथे 0.6 पीपीएमपेक्षा कमी लिहिले असेल, तर तुमची जमीन बहुधा खारावलेली नाही, उपाशी आहे.