कागद कोणाचा, नक्कल कोणाची?

भंडाऱ्याचा इतिहास भंडाऱ्यात बसून लिहिता येत नाही. १८५४ पर्यंत आपण नागपूरकर भोसल्यांकडे, १८६१ पासून मध्य प्रांतात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं तसे कागद विखुरले. तेव्हा साकोलीच्या पोराला नक्कल कुठल्या अटीवर मिळते, यावरच त्याचं संशोधन होणार की नाही हे ठरतं.

पुण्याचं पेशवे दफ्तर बघा. कापडात बांधलेले मोडी कागदांचे हजारो रुमाल. इंग्रज सरकारने ते बराच काळ अभ्यासकांना मोकळेपणी पाहू दिले नाहीत. जदुनाथ सरकारांनी आग्रह धरला, आणि गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यातला २० वा नागपूरकर भोसल्यांचा. पुण्याचं भाडं ज्याला परवडत नाही, त्याच्याही हाती आपल्या मुलखाचे कागद आले. अर्थात निवड सरदेसायांची. खंड आहेत तर मूळ कशाला, असं कुणी म्हणू नये.

जीर्ण पान झेरॉक्सवर दाबू नका, फ्लॅश मारू नका, खर्च भरा, रुमालाचा क्रमांक द्या, या अटी मला रास्त वाटतात. पण कागद सांभाळणारा मजकुराचा धनी कसा होईल? १९५७ चा कॉपीराइट कायदा आज लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क देतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या पत्रावर कसला हक्क उरला? तरी काही ठिकाणी ‘छापण्याआधी लेख दाखवा’ म्हणतात. ही अट काढलीच पाहिजे.

घराण्याने ठेवायला दिलेली खासगी पत्रं निराळी. त्यांत कुणाचं आजारपण असतं, कुणाचं मोडलेलं लग्न, आणि नातवंडं गावातच नांदत असतात. तिथे देणाऱ्याची अट पाळायची. फक्त ती किती वर्षांची, हे कागद घेतानाच लिहून घ्यायचं.

आणि नक्कल काय फक्त प्राध्यापकांना लागते? आपल्याकडे मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव राहिले. पाणी कुणाचं, गावाचा निस्तार काय, हे जुन्या वाजिब-उल-अर्जात लिहिलेलं असतं. मासेमारीचा हक्क सांगणाऱ्या ढिवर माणसाला ‘संशोधक असल्याचं पत्र आणा’ म्हटलं, तर त्याने ते आणायचं कुठून? नियमाच्या मसुद्यात त्याचा अर्ज कुठे बसतो, ते मी आधी बघतो.