शिरगणती आणि पणजोबांचे नाव

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी मागील उन्हाळ्यात भेटावयास आला. १९०१ व १९११ च्या शिरगणतीचे मूळ कागद पाहून आयर्लंडमधील कुटुंबे आपल्या पूर्वजांचा माग काढतात, असे त्याच्या वाचनात आले होते. आदिलाबादच्या जुन्या शिरगणतीत आपणही पणजोबांचे नाव शोधावे, असा त्याचा मनोदय. त्याची निराशा करणे आमच्या वाट्यास आले.

आयर्लंडचे ते कागद घरोघरचे आहेत. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, व्यवसाय व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते त्यांत आढळते. १९११ साली तर विवाहितेस किती मुले झाली व किती हयात आहेत, हेही विचारले गेले. तेथील सर्वच दप्तर मात्र शाबूत नाही. १८२१ ते १८५१ च्या कागदांपैकी बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्यास लागलेल्या आगीत नष्ट झाले, तर १८६१ ते १८९१ चे कागद सरकारनेच नाहीसे केले. उरले, त्यांचे मोल म्हणूनच अधिक.

निजामाच्या राज्यातही १८८१ पासून मर्दुमशुमारी होत आली. गणकाच्या पत्रकात नावाचा रकाना होता. परंतु बेरजा छापून झाल्यावर ती पत्रके जपली गेली नाहीत. माणसे मोजली गेली, नावे मात्र गळाली. पुढे १९४८ च्या कायद्याने शिरगणतीतील व्यक्तिगत माहिती गोपनीय ठरविली.

मग नाव कोठे पाहावे? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. १९५४-५५ च्या खासरा पहाणीत खातेदार सापडतो. परंतु ज्याच्या नावे एकरभर जमीन नव्हती आणि ज्यास तीर्थयात्रा घडली नाही, त्याने काय करावे?

आमच्या मते त्याचा आधार शाळेचे दाखलखारीज रजिस्टर हा होय. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख: शेतमजुराच्या घरातील हे पहिले लेखन पुष्कळदा याच रजिस्टरात झाले. मुलींचे माहेरचे नावही येथेच राहिले. त्या विद्यार्थ्याच्या आजोबांची नोंद आम्हांस शाळेच्या कपाटातच मिळाली. बापाच्या रकान्यात पणजोबा होते.

नोंद उर्दूत होती व पानाची कड वाळवीने खाल्ली होती. निजामी दप्तराची ती लिपी वाचणारे शिक्षक आता विरळ झाले आहेत. शिवाय १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद आज दोन राज्यांत विखुरलेले असू शकतात.

म्हणून आमची शिक्षकबंधूंस विनंती आहे, की आपापल्या शाळेतील सर्वांत जुने रजिस्टर कपाटातून काढावे व वाचणारा हयात आहे तोवर त्याची नक्कल करून ठेवावी. आयर्लंडातील आग अवचित लागली; वाळवी मात्र आमच्या डोळ्यांदेखत लागली आहे.