सुट्या भागांचे स्वराज्य

ज्या यंत्राचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, ते यंत्र कोणत्याही एका कारखान्यात तयार होत नाही. खेळ खेळण्यासाठी म्हणून जो संगणक आजची तरुण मुले घरच्या टेबलावर स्वतः जुळवितात, त्याविषयी आम्ही बोलत आहोत. त्याचा प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, ग्राफिक्स कार्ड चौथीचे, विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस पाचवीचा आणि हे सर्व ज्यात बसवावयाचे ते कॅबिनेट सहावीचे. ह्या कंपन्यांपैकी काहींचे तर आपापसांत हाडवैर. तरीही साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या घरात साधा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन बसलेला अठरा वर्षांचा मुलगा हे सर्व भाग एकत्र आणतो आणि बटण दाबताच यंत्र चालू लागते.

मोटारीच्या बाबतीत असे घडत नाही. एका कंपनीचे इंजिन आणि दुसरीचा गिअरबॉक्स आणून कोणी अंगणात मोटार जोडीत नाही. मोबाइल फोनच्या बाबतीतही नाही. मग हे भाग्य संगणकाच्याच वाट्याला का यावे? ह्या प्रश्नाचे उत्तर तंत्रात थोडे आणि इतिहासात पुष्कळ आहे. भाग निवडताना पहिलटकरांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांपैकी बऱ्याचशा हा इतिहास ठाऊक नसल्यामुळेच होतात, असे आमचे मत आहे.

आरंभ १९७५ चा. त्या वर्षीच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. न्यू मेक्सिको संस्थानातील अल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स नावाचे गृहस्थ एक लहानशी कंपनी चालवीत असत; त्यांनी हे यंत्र सुट्या भागांच्या पेटीच्या रूपाने चारशे डॉलरांच्या आत विकावयास काढले. ग्राहकाने स्वतः डाख देऊन ते जोडावयाचे. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. समोर बटणांची व दिव्यांची रांग, आणि स्मृती अवघी २५६ बाइटांची. परंतु त्याच्या पोटात शंभर टोकांच्या खोबणी होत्या आणि त्यांत नवी कार्डे बसविता येत. कंपनीची स्वतःची मेमरी-कार्डे भरवशाची निघाली नाहीत, तेव्हा दुसऱ्या लोकांनी त्याच खोबणीत बसणारी चांगली कार्डे करून विकली. खोबण एकाची, कार्ड दुसऱ्याचे! आमच्या विषयाचे बीज येथे आहे.

त्याच वर्षी ५ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच ह्यांच्या मोटारखान्यात ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली. ह्या मंडळीत स्टीव्ह वॉझनियॅक होते. त्यांनी १९७६ साली केलेला पहिला ॲपल म्हणजे केवळ एक जोडलेला बोर्ड होता. पेटी, कळफलक आणि दूरचित्रवाणी संच ग्राहकाने आणावयाचा. पुढच्याच वर्षीच्या ॲपल-२ मध्ये रंग आले, ध्वनी आला, आठ खोबणी आल्या. विटा फोडण्याचा ‘ब्रेकआउट’ हा खेळ त्या यंत्रावर चालावा ह्या इच्छेतून आपण त्यातील कित्येक सोयी केल्या, असे वॉझनियॅक ह्यांनीच सांगितले आहे. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता ह्या कथेतील मुख्य प्रसंग. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. ह्या बलाढ्य कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. लहान संगणकाच्या शर्यतीत ही कंपनी मागे पडली होती आणि तिला घाई होती. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथील तिच्या मंडळींनी सुमारे एका वर्षात यंत्र उभे केले. एवढ्या थोड्या अवधीत सर्व भाग स्वतः घडविणे शक्य नव्हते. म्हणून प्रोसेसर इन्टेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली आणि इतरही पुष्कळ भाग बाजारातून उचलले. इतकेच नव्हे, तर इतरांनी ह्या यंत्रासाठी कार्डे करावीत म्हणून त्याचे विद्युत-आराखडे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आय.बी.एम.च्या मालकीचे असे मर्म एकच उरले. यंत्र सुरू होताच जो लहानसा आज्ञासंच चालतो, तो बायॉस. त्याचाही मजकूर ग्रंथात छापलेला होता. परंतु त्यावर तिचा लेखाधिकार होता.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने हे कुलूप सनदशीर मार्गाने उघडले. तिने माणसांचे दोन गट केले. एकाने मूळ बायॉस काय काय करतो एवढेच लिहून काढावयाचे. दुसऱ्याने मूळ मजकूर न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहावयाचा. नक्कल न करता तेच काम करणारा बायॉस तयार झाला. १९८४ मध्ये फिनिक्स ह्या कंपनीने असाच बायॉस वाटेल त्या उत्पादकाला विकत देण्यास प्रारंभ केला आणि आय.बी.एम.शी जुळणाऱ्या यंत्रांचा पूर लोटला.

दार उघडे राहिले हे ध्यानात येताच ते लावून घेण्याचाही प्रयत्न झाला. १९८७ मध्ये आय.बी.एम.ने ‘पीएस-२’ ही नवी यंत्रे आणली. त्यांची खोबण नवी व सरस होती. परंतु जुनी कार्डे तीत बसत नसत आणि ती वापरावयाची तर आय.बी.एम.चा परवाना घेऊन मोबदला भरावा लागे. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली पर्यायी खोबण जाहीर केली. ही पर्यायी खोबण घरोघरी पोहोचली नाही, पण आय.बी.एम.चीही पोहोचली नाही. गिऱ्हाईक जुन्या, उघड्या खोबणीला चिकटून राहिले. पुढे १९९२ मध्ये पीसीआय ही नवी खोबण आली, आणि १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरले. मदरबोर्डाची भोके कोठे, त्याची लांबी-रुंदी किती, वीज कोणत्या जोडणीने यावी, हे सर्व त्यात ठरलेले आहे. आज कॅबिनेट घेताना दुकानदार हेच माप विचारतो. आय.बी.एम.ने मात्र २००५ मध्ये आपला हा व्यवसाय लेनोव्हो ह्या चिनी कंपनीस देऊन टाकला.

आपल्या देशात हे स्वराज्य उशिरा आले. संगणकाच्या आयातीवरील बंधने १९८४ च्या धोरणाने सैल होऊ लागली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि त्यात समाविष्ट असलेल्या मालावरील जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरली. मधल्या काळात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे महाराष्ट्राचे सुट्या भागांचे पेठ-ठिकाण बनले. नामांकित कंपनीचा तयार संगणक ज्यांना परवडत नसे, अशा कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक आला तो ‘असेंबल्ड’ ह्या नावाने.

आता निवडीकडे वळू. खोबणी जुळतात म्हणून भाग बसतात हे खरे. परंतु बसलेले भाग एकमेकांना शोभतात असे मात्र नाही. ह्याचा धडा १९९६ च्या एका घटनेने दिला. त्या वेळी सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर कचेरीच्या कामात इन्टेलच्या पेन्टियमला मागे टाकी आणि स्वस्तही पडे. त्याच वर्षी ‘क्वेक’ हा खेळ आला. त्यातील त्रिमितीय दृश्यांना अपूर्णांकांची गणिते अखंड करावी लागत, आणि ती पेन्टियमच्या रचनेवर नेमकी बेतून लिहिली होती. सायरिक्सचे बळ पूर्णांकांत होते. अपूर्णांकांत ते उणे पडले. काटकसर केल्याच्या समाधानात ज्यांनी तो घेतला, त्यांचे हिशोबाचे काम सुरेख चालले, खेळ मात्र अडखळला. म्हणून पहिला प्रश्न ‘उत्तम भाग कोणता’ हा नसून ‘काम कोणते’ हा आहे.

महाग तेच चांगले, हा समजही इतिहासाने खोटा ठरविला. १९९८ चा इन्टेलचाच सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. परंतु मदरबोर्डाची गती ६६ वरून १०० वर नेली की तो बहुधा ४५० वर चाले आणि खेळांत कितीतरी महागड्या भावंडाची बरोबरी करी. पंक्तीत सर्वांचे पान सारखे वाढावे लागते. प्रोसेसर राजेशाही आणि ग्राफिक्स कार्ड दरिद्री, किंवा कार्ड अत्यंत महागडे आणि पडदा जुना, कमी बिंदूंचा, अशी यादी केली की पैशाचा एक हिस्सा निजून राहतो. खेळाच्या संगणकात सर्वांत मोठा वाटा प्रायः ग्राफिक्स कार्डाचा असावा. परंतु तो इतरांना उपाशी ठेवून नव्हे. विशेषतः एसएमपीएसवर काटकसर करू नये. तो खेळाची गती वाढवीत नाही म्हणून यादीत शेवटी येतो. पण सर्वांचे अन्नपाणी त्याच्या हाती असते, आणि तो बिघडला तर सोबतच्या भागांनाही घेऊन बुडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट उद्याची. मदरबोर्ड घेताना त्याच्या खोबणीचे आयुष्य पाहावे. एएमडी कंपनीची एएम-४ ही खोबण २०१६ मध्ये आली. २०१७ साली घेतलेल्या तिच्या कित्येक बोर्डांवर, बायॉस नवा केल्यावर, २०२२ चा प्रोसेसरही बसला. पहिल्या दिवशी थोडे कमी घेऊन पुढे भर घालावयाची वाट मोकळी ठेवणे, हेच जोडणाराचे खरे शहाणपण.

दार लावून घेण्याची इच्छा मात्र विजेत्यांनाही सुटत नाही. १९९६ मध्ये ‘व्हूडू’ ह्या त्रिमितीय कार्डाने थ्रीडीएफएक्स कंपनी नावारूपास आली. तिची चिप घेऊन अनेक कंपन्या कार्डे करीत. पुढे तिने स्वतःचा कार्डांचा कारखाना घेतला आणि चिप इतरांना देण्याचे थांबविले. भागीदार प्रतिस्पर्ध्यांकडे वळले. नवा माल वेळेवर न आल्याने तिची कुचंबणा आणखी वाढली. २००० च्या अखेरीस तिची मुख्य मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली.

आजही ही ओढाताण संपलेली नाही. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. ॲपलने २०२० पासून आपल्या नव्या संगणकांत ती प्रोसेसरच्याच वेष्टनात घातली. ह्याने यंत्र आटोपशीर होते, वेग येतो, वीज वाचते. हे लाभ खोटे नाहीत. परंतु आठ वर्षांनी स्मृती अपुरी पडली तर सबंध यंत्र बदलावे लागते, आणि मालक केवळ गिऱ्हाईक उरतो. २०२२ मध्ये आपल्या केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती ह्याच चिंतेतून.

म्हणून घरातील मूल भागांची यादी पुढे करील तेव्हा ‘खेळासाठी एवढा खर्च कशाला?’ म्हणून ती बाजूस सारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ती एकदा त्याच्यासह बसून वाचावी. प्रत्येक भाग कशासाठी, त्यापेक्षा स्वस्त का चालणार नाही, हे त्याला विचारावे. ज्याला ही उत्तरे देता आली, त्याला यंत्र उघडण्याची भीती राहणार नाही. आणि यंत्र उघडण्याची भीती नसलेली माणसे गावात जितकी अधिक असतील, तितके ते दार लावून घेणे कोणालाही कठीण जाईल.