जळालेली घरं मोजलीत, पण टिकलेली?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी फक्त तडे गेलेले नमुने घेतले होते. गाईडनी एवढंच विचारलं, "आणि न तडकलेले कुठे आहेत?" या प्रश्नाचं वजन मला कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा इतिहास वाचताना.

१४ जानेवारी १९४४ रोजी मेलबर्नच्या ब्युमॅरिस या उपनगरात वणवा शिरला. बॅरो या संशोधकाने तिथल्या घरांची पाहणी करून १९४५ मध्ये निष्कर्ष छापले. बरीचशी घरं ज्वाळांनी नाही, तर वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटली होती. म्हणजे घर वाचवायचं तर लक्ष द्यायला हवं फटी, छपराच्या कडा आणि पन्हळीत साचलेला पालापाचोळा यांच्याकडे. पण बांधकामाचे नियम लगेच बदलले नाहीत.

मग आला १६ फेब्रुवारी १९८३ चा 'ॲश वेन्सडे'. ७५ माणसं गेली. त्यानंतर विल्सन आणि फर्ग्युसन यांनी माउंट मॅसेडॉन इथल्या ४५० घरांचा अभ्यास केला. त्यात जळालेली घरं होती, तशी टिकलेलीही होती. त्यामुळेच तुलना करता आली: छप्पर कशाचं होतं, निखारे विझवायला घरात कोणी होतं का? वणवाप्रवण भागातल्या बांधकामाचं एएस ३९५९ हे मानक १९९१ मध्ये आलं. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'त १७३ जीव गेले, आणि त्याच वर्षी या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली.

आता समजा, तुम्हाला डोंगरकड्यावर, उघड्या जागी घर बांधायचं आहे. चढ साधारण १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून घर कड्यावरून मागे घ्यायचं, हवेच्या झरोक्यांना २ मिमीपेक्षा मोठी छिद्रं नसलेली धातूची जाळी लावायची आणि फटी बुजवायच्या. गंमत बघा, फटी बुजल्या की घर गरम-गार ठेवायला वीजही कमी लागते. पण सगळंच असं जुळत नाही. भिंतीलगतचं सावलीचं झाड उन्हाळ्यात गारवा देतं आणि वणव्यात तेच इंधन होतं. तिथे निवड करावीच लागते.

तुमचा विषय कुठलाही असो, डेटा गोळा करण्याआधी वहीत एक ओळ लिहा: माझ्या अभ्यासातली 'टिकलेली घरं' कोणती? मी ती सिनॉप्सिस पुन्हा लिहिली, तेव्हा सुरुवात तिथूनच केली.