निकाल लागला, पुढे काय?

१३ मे २०२५ रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा टक्का ९४.१०. दरवर्षीप्रमाणे शाळांचे स्वतंत्र टक्केही त्याच दिवशी कळले आणि मीरा-भाईंदरच्या नाक्यानाक्यांवर अभिनंदनाचे फलक चढले. घोडबंदरचा रस्ता अहमदाबाद महामार्गाला जिथे मिळतो, त्या काशीमीऱ्यातही या दिवसांत गुणगौरव समारंभ होतात. शाल, श्रीफळ, पहिल्या तिघांचे फोटो. फलकावर टक्का असतो. ही मुलं पुढे कुठे गेली, ते मात्र त्यावर कधीच नसतं. आणि या परीक्षेचा जन्म तर नेमका त्याच प्रश्नातून झाला होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याने आजच्या दहावीची पूर्वज असलेली पहिली मॅट्रिक घेतली. ती शाळेची शेवटची परीक्षा नव्हती, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. शंभरावर मुलं बसली, पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मॅट्रिक झाला म्हणजे कॉलेजचं दार उघडलं, इतका तो संबंध सरळ होता. नापासांचा आकडा प्रचंड होता आणि त्याबद्दल समाजात वर्षानुवर्षं कुरकुरही चालली. पण पास झालेला कुठे जाणार, हे कुणाला विचारावं लागत नसे.

आजच्या काशीमीऱ्याची काशी आणि मिरे ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातली गावं. भातशेती, खाडीकडे भाईंदरची मिठागरं, डोंगराच्या कडेला आदिवासी पाडे. १८६४ मध्ये गुजरातकडून आलेली रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईपर्यंत पोहोचली, तरी मॅट्रिक ही इथल्या घरांसाठी दूरची गोष्ट होती. अशा गावांत शेवटची परीक्षा म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. तिच्यावर मास्तरकी मिळे, तलाठ्याची जागा मिळे. ‘फायनल झालेला’ माणूस गावात पत्रं वाचून दाखवी, अर्ज लिहून देई. इंग्रजी शिकायचं तर ठाणं, वसई किंवा मुंबई गाठावी लागे, आणि तिथे राहायला नातेवाईक हवा किंवा खिशात पैसा हवा.

मॅट्रिकच्या निकालाचा सत्कार कसा असावा, याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या कोणत्याही फलकावर या गुणांना जागा मिळाली नसती. पण अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही केवढी गोष्ट आहे, हे ओळखून परळच्या लोकांनी सभा भरवली. समाजसुधारक सी. के. बोले त्या सभेचे अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात ठेवलं. महत्त्वाचं पुढेच घडलं. वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हार घालून सभा संपली नाही. मुलगा पुढे कसा शिकेल, याची सोय लावली गेली. त्या सत्काराचं खरं मोल या शिष्यवृत्तीत आहे.

स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाच्या हातून गेली. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात एस.एस.सी. परीक्षेचं वेगळं मंडळ आलं. १ जानेवारी १९६६ रोजी आजचं राज्य मंडळ पुण्यात स्थापन झालं. परीक्षा गावोगाव पोहोचली, हे या बदलाचं मोठं काम. यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या ई.बी.सी. सवलतीने गरीब घरांतली मुलं फीच्या धास्तीतून सुटली आणि अकरावीपर्यंत टिकू लागली, एस.एस.सी. तेव्हा अकरावीची होती. पण एक धागा इथेच तुटला. पूर्वीची परीक्षा कॉलेजात घेण्यासाठी होती. ही शाळेतून बाहेर काढण्यासाठी झाली. दाखला हातात पडला की शाळेचं काम संपलं.

मग मीरा-भाईंदरच्या पट्ट्यातली मुलं जायची कुठे? याचं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात सापडतं. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. उपनगरांत जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज १९३० पासून होतं. अंधेरीचं भवन्स १९४६ चं, पार्ल्याचं कॉलेज १९५९ चं, मिठीबाई १९६१ चं. भाईंदरला गाडी पकडणाऱ्या मुलाला विद्याशाखा निवडण्याआधी स्टेशन निवडावं लागे. १९७१ मध्ये वसईत अण्णासाहेब वर्तक कॉलेज निघालं आणि खाडीच्या पलीकडची उलटी वाटही खुली झाली. काशीमीऱ्याहून मात्र स्टेशनच तीनेक किलोमीटर. दुसरा मार्ग घोडबंदर रस्त्याने ठाण्याचा. मुलींच्या बाबतीत हे अंतरच किती घरांत निर्णय करून टाकत असेल, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रकात नाही.

१९७५ हे वर्ष अनेकांच्या लक्षात आहे. १०+२+३ ची रचना आली, दहावीची पहिली एस.एस.सी. झाली आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही तुकडी बाहेर पडली. १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. खरी निवड आता दोन वर्षं पुढे सरकली. १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि बारावीच्या गुणांइतकंच घरच्या ऐपतीलाही वजन आलं. पुढे सीईटी आली, मग नीट आली, आणि या प्रवेशांत बारावीचा टक्का काही विषयांतल्या पात्रतेपुरता उरला.

याच काळात या गावांचं मीरा-भाईंदर शहर झालं. १९८५ मध्ये नगरपरिषद, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणारी मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी कुटुंबं इथे आली आणि आपापल्या माध्यमाच्या शाळा शोधू लागली. शाळांमागून कॉलेजं आली. भाईंदरला शंकर नारायण, मीरा रोडला रॉयल आणि एन. एल. दालमिया, पुढे एल. आर. तिवारी इंजिनिअरिंग. आता घराजवळ कॉलेज आहे. तरीही बोरिवली-पार्ल्याच्या कट-ऑफकडे पालकांचे डोळे लागलेले असतातच.

टक्क्याचं काय घडलं, ते गेल्या काही वर्षांत उघडंच दिसलं. अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांच्या मुलांशी स्पर्धा होऊ लागली, तेव्हा आधी पर्सेंटाइल, मग राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९०:१० चा कोटा, आणि २०१० मध्ये बेस्ट फाइव्ह, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरणं, असे उपाय झाले. वाद उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. गुण परत दिले, २०२० मध्ये निकाल ९५.३०. भूगोलाचा पेपर तर त्या वर्षी टाळेबंदीमुळे झालाच नाही, सरासरीने गुण दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५. मुलं तीच, शिक्षक तेच. नियम हलला की टक्का हलला. अशा आकड्यावर शाळेची प्रतिष्ठा ठरवणं अन्यायाचं आहे, शंभर टक्केवाल्या शाळेवर आणि साठ टक्केवाल्या शाळेवरही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात बहुधा एवढंच लिहिलं जातं : एस.एस.सी. परीक्षा उत्तीर्ण. कुठे जाणार, असा रकाना नाही. अकरावीचे प्रवेश मुंबई परिसरात २००९ पासून ऑनलाइन आहेत आणि २०२५ पासून राज्यभर. म्हणजे कोणाला कोणतं कॉलेज मिळालं, ही नोंद शिक्षण विभागाकडे आहे. काशीमीऱ्यातल्या आणि सगळ्याच शाळांनी ती मागून घ्यावी. त्यात आयटीआयला गेलेले, डिप्लोमाला गेलेले, कामाला लागलेले आणि घरी बसलेले यांची भर घालावी, आणि दरवर्षी एक पान शाळेच्या फळ्यावर लावावं. फलक लावणाऱ्या मंडळांनी ते पान वाचून, त्यात घरी बसलेल्यांपैकी एकाची तरी पुढची फी भरावी.